पैलवानाची दारामागची जागा

प्रिय धाकट्या,

मला पत्रं लिहायची सवय नाही, तुला ठाऊकच आहे. पण तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे.

घरी ठीक चाललंय. दार आता एका बोटानं उघडतं. पैलवान शेपूट पसरून मागे आडवा पडलेला असायचा तेव्हा खांदा लावावा लागायचा, आणि तुझे भाऊजी बाहेरून ओरडायचे, "अरे, घर माझं आहे, मला आत घे!" भाऊजी गेल्यावर तो तिथून हलेचना. अंडी, मटण, काहीही पुढे केलं तरी तोंड फिरवायचा. एवढं मोठं धूड, पण बरगड्या दिसू लागल्या.

म्हणून तू बेकरीतून ते काळं चॉकलेट आणलंस, केकसाठी वितळवता ते. भाऊजी जेवणानंतर आपल्या दुधाच्या चॉकलेटचा एक चौकोन त्याला द्यायचे, इतक्या वर्षांत काही झालं नव्हतं. "ताई, बैलाएवढा आहे तो, त्याला काय होतंय!" तू म्हणालास आणि मलाही पटलं. तू दिलेला तुकडा त्यानं खाल्ला. आपण चहाकडे वळलो, तेवढ्यात ओट्यावर पाय टाकून त्यानं अख्खा पुडा फस्त केला. शेपटी कपाटावर बडवत होता. आपण दोघंही हसलो.

मग तो धापा टाकत घरभर फिरू लागला, ओकला. जड झालं असेल, म्हणून आपण वाट बघितली. अंग थरथरू लागल्यावर नेलं, पण उशीर झाला होता, तो गेला. डॉक्टर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, मोठ्या कुत्र्याला दुधाचं चॉकलेट थोडं दिलं तर काही झालेलं दिसत नाही, तिथेच लोक फसतात. काळं कितीतरी जहाल. एवढं पोटात गेलं की देह केवढाही असो, जिवावर बेततं. त्रास दिसायची वाट बघायची नसते, खाल्लं की लगेच आणायचं. तू तेव्हा बाहेर पायरीवर डोकं धरून बसला होतास.

काल तुझा भट्टीवरचा सोबती येऊन गेला. तू काम सोडलंस, चॉकलेटचा वास सहन होत नाही म्हणे. म्हणून लिहिते आहे. भाऊजी गेल्यापासून या घरात कुणी हसलं असेल तर त्याच संध्याकाळी, आणि ते तुझ्यामुळे. तू त्याला जेववायला आला होतास. कामावर परत जा. कुत्रा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला बजावणारं कुणीतरी तिथे हवं. तुझ्याइतक्या कळकळीनं कोण सांगणार? पण आधी इथे ये. आणि सवयीनं दाराला खांदा लावू नकोस, तोंडावर पडशील. मी पडले होते.

तुझीच,
ताई