या वेळी घंटी तू दे

ता. ४ मार्च

चि. होऊ घातलेल्या घरमालकास आत्याचे अ. आ.

तुझं पत्र वाचलं. जन्मभर बस चालवून बाबांनी साठवलेलं सगळं एका फ्लॅटमध्ये घालणार, म्हणून मलाही काळजी वाटली, लगेच लिहायला बसले. त्यातून विकणारा कोण, तर बाबांच्याच गाडीवरचा कंडक्टर, जिवाभावाचा दोस्त! म्हणजे तुमच्या दोघांच्या तोंडाला कुलूप.

मी इतकी वर्षं वरच्या खोल्या भाड्याने देते, म्हणून सांगते. गॅलरी बघून हुरळू नकोस, तिथे तुला राहायचं नाहीये. भाड्याचा हिशोब करताना वर्षातून महिना-दोन महिने जागा रिकामी राहणार असं धरूनच चाल. कागद वकिलाला दाखव. दोस्त असला म्हणून तर नक्कीच दाखव. आणि विसार देण्याआधी बाथरूममध्ये भरलेली बादली ओत, मग खालच्यांकडे जाऊन त्यांचं छत बघ. कंडक्टरकाकांना काय वाटेल, ही भीड घरी ठेवून जा.

जेवणखाण वेळेवर करत जा. आत्याला विसरू नकोस म्हणजे झालं.

तुझी,
आत्या

ता. ११ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आत्या, बादली ओतावीच लागली नाही!

काल विसार द्यायचा होता. काका भिंती थोपटून सांगत होते की असं बांधकाम आता शोधून सापडणार नाही. बाबा मान डोलावत होते. मी गुपचूप बादली भरत ठेवली. काकांनी विचारलं, हे काय? म्हटलं, आत्याचा हुकूम. बादली उचलली मात्र, काकांनी झडप घालून माझा हातच धरला. नको रे, म्हणाले, खालच्या बाई आत्ताच भांडून गेल्यात.

नळ तसाच वाहत होता, तो बाबांनी बंद केला. विसार खिशातच राहिला. घरी येताना बाबा माझ्यापुढे दोन पावलं झपझप चालत राहिले. माझ्यावर चिडलेत का, तूच विचार ना!

असेच हुकूम सोडत राहा, माया पातळ करू नकोस.

तुझा,
बिनघराचा घरमालक

ता. १८ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

चिडलोय? अगं, जीव भांड्यात पडला माझा! बाथरूमबाहेरचा एकच कोपरा ताजा रंगवलेला मी पहिल्याच दिवशी पाहिला होता. पण ज्याने घंटी दिली की मी मागे न बघता गाडी सोडायचो, त्याला विचारू कसा? पोराने बादली उचलली आणि मला श्वास घेता आला.

काल दोस्त स्वतःच घरी आला. दारातच घुटमळत होता, हाताला धरून आत आणला. सांगताना रडलाच. म्हणाला, तुला फसवून झोप लागली नसती. पोराने सोडवलं मला. आता बाथरूम खोदून नवं करून घेतोय. झालं की बादली तो स्वतः ओतणार, आणि मी खाली त्या बाईंच्या छताखाली उभं राहायचं. छत कोरडं राहिलं तरच व्यवहार.

जाताना म्हणाला, इतकी वर्षं घंटी मी दिली, या वेळी तू दे.

तुझा हात पाठीवर आहेच, तो काढू नकोस.

तुझा,
धाकटा