बंदूक सोडून बाकी सगळे

मी, खाली सही करणारी रुक्मिणी धाकू घाडीगावकर, वय वर्षे सहासष्ट, राहणार मुलुंड पूर्व, धंदा ढेकूण मारणे व भात राखणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व राजीखुशीने लिहीत आहे. कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालणे आजवर कोणाला जमलेले नाही. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्याला तरीही शंका येईल त्याने आपलेही एकदा तपासून घ्यावे.

कलम पहिले. सर्वांत आधी बंदुकीचे, कारण माझ्या मागे पहिला प्रश्न तोच निघणार. आमची एकनळी काडतुसी बंदूक पीकसंरक्षणाच्या परवान्यावर आधी माझे यजमान कै. धाकू यांच्या नावे होती, त्यांच्या पश्चात माझ्या. ती आता माझ्या मिळकतीत नाही. परवाना मृत्युपत्राने देता येत नाही असे वकिलांनी सांगितले, म्हणून मी जिवंतपणीच रीतसर अर्ज करून ती शकूच्या नावे केली. शकू ही माझे चुलतदीर अंबादास यांची मुलगी. नवऱ्याने सोडल्यापासून गावी, कणकवलीपासून आत, बापाचे शेत तीच कसते. यंदा गणपतीच्या आधी तिच्या हातात परवाना पडला आणि मी दीड वर्षानंतर गाढ झोपले. ती बंदूक माझा मुलगा जयवंत याच्या हाती जाऊ नये, एवढ्या एका गोष्टीसाठी माझा जीव टांगणीला लागला होता. का, ते चौथ्या कलमात आहे. सलग वाचावे, उड्या मारू नयेत.

कलम दुसरे. मुलुंडची खोली जयवंत व त्याची बायको सुनंदा या दोघांच्या नावे. सुनंदाचे नाव मी मुद्दाम घातले आहे. तिच्या माहेरी कोणी नाही आणि माझ्या दुखण्यात रात्रंदिवस तीच उठली. पोस्टातले जे काही असेल ते तिचे एकटीचे. माझ्या पाटल्या तिच्या हातात होत नाहीत, तेव्हा त्या मोडून तिने हवे ते करावे. मला विचारल्यासारखे करून फोटोपुढे उभे राहू नये.

कलम तिसरे. औषध मारायचा पितळी पंप, दोन नळ्या आणि रबरी हातमोजे हेही सुनंदाला. यजमानांची गिरणीतली नोकरी सुटली, मग तेही गेले, तेव्हापासून या पंपाने आमचे घर चालवले. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत किती घरांतल्या खाटा मी उन्हात काढल्या असतील, त्यांच्या सांध्यांत उकळते पाणी ओतले असेल, देवच जाणे. सुनंदा, धंदा पुढे चालवणार असशील तर एक सांगते. ढेकूण झालेली बाई शेजारणीला कळू नये म्हणून दार लावून औषध मारून घेते. तसे करू द्यायचे नाही. एका घरात मारले की ते भिंतीतून पलीकडे जातात आणि महिन्याने परत येतात. आधी तिला चारही दारे वाजवून सांगायला लाव, मग पंप भर. लाजेने ढेकूण मरत नाहीत.

आमच्या मजल्यावरच्या नीलावहिनींनी हे ऐकले नाही. वर बिल्डिंगभर सांगितले की ढेकूण रुक्मिणीबाईच आपल्या पिशवीतून आणतात, म्हणजे काम मिळत राहते. हे मी विसरलेले नाही. पण आता मन हलके आहे, म्हणून माफ करते. त्यांच्या खाटेला पुढच्या वेळी फुकट औषध मारावे आणि मारताना त्यांचे दार उघडे ठेवावे.

कलम चौथे. गेल्या वर्षीच्या शिमग्याला जयवंत मरोळच्या कंपनीतले चार दोस्त घेऊन गावी आला. लहानपणी बापाच्या मागे रानात हिंडलेला, त्यामुळे दोस्तांपुढे शिकारीच्या गप्पा मोठ्या. मी देवळात गेलेले पाहून बंदूक खुंटीवरून काढली. दुपारची वेळ, सगळे प्यायलेले. काजूच्या बागेत काहीतरी हलले. दोस्त म्हणाला, "डुक्कर आहे यार, मार." आणि याने मारली.

तिथे शकू वाकून काजू वेचत होती. छर्रे तिच्या डोक्यावरच्या आडव्या फांदीत बसले, थोडे फांदीला टांगलेल्या टोपलीत. वीतभर खाली लागले असते तर आज मी हे मृत्युपत्र लिहीत नसते, मुलाला तुरुंगात डबा नेत असते आणि अंबादास पोरीचे श्राद्ध घालत असता.

शकू रडली नाही. ती फाटकी टोपली घेऊन चालत आमच्या अंगणात आली, ती माझ्या उंबऱ्यावर ठेवली आणि म्हणाली, "काकी, मी तुमच्या झिलाक डुकर दिसलंय काय? पावसात खरे डुकर आमचां भात खातत, त्यांच्यार मारूक सांगा त्याका."

मी तिथेच बसले आणि तिचे पाय धरले. जयवंत मागे उभा होता. म्हणाला, "लागलं नाही ना तिला? मग कशाला एवढं?" मी त्याच्या थोबाडीत दिली, चार दोस्तांदेखत. चौतिशीच्या मुलाला मारल्याची मला लाज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून टाकली.

अंबादासाने फिर्याद केली नाही. घरचे आहे, म्हणाला. पण तेव्हापासून जयवंत दर महिन्याला विचारायचा, "आई, बंदूक सोडवून आण ना. बाबांची आहे, माझ्या नावावर कर." मी विषय बदलायचे. मी मेल्यावर हा वारस म्हणून अर्ज करील, दोस्त पुन्हा गोळा होतील, या वेळी फांदी आडवी येणार नाही, हेच डोळ्यांपुढे यायचे.

कलम पाचवे. बंदुकीसाठी शकूच्या नावावर जमीन हवी होती. म्हणून रानाला लागून असलेला आमचा वरचा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, मी तिला बक्षीसपत्राने दिला. डुकरे भातात उतरतात ती तिथूनच. बाकीचे शेत जयवंतचे. अंबादास गेली वीस वर्षे दर पावसाळ्याआधी त्या कुणग्याचा बांध हातभर आमच्याकडे सरकवत आला आहे. अंबादासभावोजी, हे भांडण मी आता सोडते. बांधाच्या दोन्ही बाजूंना तुमचीच मुलगी आहे, सरकवा किती सरकवायचा तो.

परवान्याच्या कचेरीत एकाने विचारले, "बाईमाणसाला बंदूक कशाला?" मी म्हटले, "माझा परवाना तुम्हीच नवीन करून देता ना दरवेळी, मग मी कोण वाटले तुम्हाला?" त्याने शिक्का मारला.

शकूला मी शिकवले ते इथेही लिहून ठेवते. भात पोटरीला आले की शेतातल्या माळ्यावर, म्हणजे राखणीच्या मचाणावर, बसायचे. आधी डबा वाजवायचा, मग आरोळी द्यायची, आणि त्यावरही हलले नाही तर आभाळात बार काढायचा. माणूस असेल तर तो आरोळीला ओ देतो. एवढा वेळ ज्याला थांबवत नाही त्याने बंदुकीला हात लावू नये. मी इतकी वर्षे बसले, तर बहुतेक वेळा डब्यावरच भागले.

कलम सहावे. जयवंतबद्दल. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते.

गणपतीत गावी जेवणे झाल्यावर मी त्याला सांगून टाकले की बंदूक शकूच्या नावे झाली. भांडण होणार, घर डोक्यावर घेणार, अशी माझी पूर्ण तयारी होती. चांगली दोन-चार उत्तरे पाठ करून ठेवली होती. त्याने पाट सरकवला आणि तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "बरं झालं गं आई. सुटलो."

मी म्हटले, "सुटलो काय? दीड वर्ष माझ्या मागे लागला होतास ना?"

"मला ती वर्सोव्याच्या खाडीत टाकायची होती," तो म्हणाला. "मढच्या होडीतून जायचं आणि मध्येच सोडायची. तू माझ्याआधी गेलीस तर ती सरळ माझ्याकडे येणार, याचीच भीती वाटायची. शकू समोरून आली की मला अजून घाम फुटतो."

आणि रडायला लागला. मी ज्याच्यापासून बंदूक लपवत होते तो ती बुडवायला मागत होता, आणि दोघेही एकाच खोलीत झोपून एकमेकांना घाबरत होतो. मी त्याला म्हटले, "वेड्या, सरकारी नोंदीतली बंदूक बुडवली असतीस तर म्हातारपणी मला आत टाकले असते." त्यावर तो रडता रडता हसला. मग आम्ही दोघे खूप हसलो. सुनंदा उठून पाहायला आली.

त्यानेच सांगितले की मृत्युपत्रात एक गोष्ट घाल. वकील म्हणतात, अशी अट कायद्याने टिकणार नाही. न टिको. जयवंतने दरवर्षी भात पोटरीला आले की रजा टाकून गावी जावे आणि शकूच्या माळ्याखाली बसून डबा वाजवावा. शकूला विचारले. ती म्हणाली, "येवंदेत. पण आरोळी दिलंय की ओ देऊक सांगा त्याका." यंदा तो गेला होता. मी माळ्यावर शकूजवळ बसले होते. तिने आरोळी दिली आणि खालून माझ्या मुलाने ओ दिली.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. पुढे करावेसे वाटेल असे काही उरलेले नाही. हे वाचून, समजून, सही करते.

रुक्मिणी धाकू घाडीगावकर
(सही माझ्या हाताची. अंगठा नाही.)

आमच्या समोर सही केली, आम्ही तिच्या समोर केली:

१. श्यामसुंदर तळेकर, सोसायटीचे सेक्रेटरी
२. नीला प्रधान, शेजारी. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो असे यांना सांगितले होते. त्यांनी वाचला.

स्थळ: मुलुंड पूर्व, मुंबई
दिनांक: १९ ऑक्टोबर १९८६

कलम सहावे मला मान्य आहे. ओ देईन.
जयवंत धाकू घाडीगावकर