जनावर एक, रंग अज्ञात

॥ सान अंतोनियो प्रसन्न ॥

सान बार्तोलो
४ सप्टेंबर १९८४

चि. प्रोकोपिओ यास एउलालियाताईचे अ. उ. आ.

इकडे सर्व ठीक. गुडघा दुखतो, पण तुझ्यासारखा मी तो निमित्ताला वापरत नाही. पत्रास कारण आपलं घरामागचं कुरण. परवा गावसभेत ठरलं, की ज्या कुरणात दोन वर्षं जनावर नाही, ते गावाकडे जमा व्हायचं. आपली पालोमा खेचर जाऊन येत्या नाताळात दोन वर्षं होतील. सरपंच डॉन वुल्फ्रानोला तिथे गावच्या बँडसाठी तालमीची खोली बांधायची आहे. म्हणजे रोज माझ्या उशाशी सात ट्रम्पेट आणि एक ढोल.

१७ जानेवारीला, सान अंतोनियोच्या दिवशी, पंच मंडळी कुरणं बघत फिरणार. त्याआधी आत जनावर हवं. पपांनी कुरण तुझ्या नावावर केलं आणि मला ते खिडकीतून बघायचा अधिकार दिला, तेव्हा कोणतं जनावर ठेवायचं ते तूच सांग. तीस वर्षं शहरात छापखान्यात पुस्तकं जुळवलीस, एखादं चुकून वाचलंही असशील.

तुझ्या इमेल्दाला आशीर्वाद. तिला इकडच्या चुलीचा धूर सोसत नाही, म्हणून ये असा आग्रह करत नाही.

लोभ आहेच, तो निदान कुरणापुरता तरी टिकव.

तुझी ताई


मेक्सिको शहर
२२ सप्टेंबर १९८४

ती. ताईस प्रोकोपिओचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. हसू नकोस, मी तक्ता केला आहे. डावीकडे जनावरं, वर गुणांचे रकाने: दूध, अंडी, लोकर, आवाज, वास, स्वभाव. शेळीला स्वभावात शून्य मिळालं. मेंढी पहिली आली. कमी बोलते, गवत आखूड ठेवते आणि कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. इमेल्दाने शहामृग सुचवला. तिने सर्कशीत एक पाहिला होता, तो तिला बघून अदबीने मान लववायचा म्हणे. मी त्याला उंचीचे वेगळे गुण दिले, पण आपलं कुंपण त्याच्या गुडघ्याला लागेल.

तेव्हा मेंढी घे. मीच निवडायला आलो असतो, पण माझाही गुडघा धड नाही, गच्चीवरची टाकी गळते आणि आमच्या कनारी पक्ष्याला परक्या हातचं दाणापाणी चालत नाही.

तुझ्या मायेचा भुकेला, आणि तुझ्या हातच्या कोंबडीच्या झणझणीत मोले रश्श्याचा त्याहून जास्त,

प्रोकोपिओ


सान बार्तोलो
३० ऑक्टोबर १९८४

चि. प्रोकोपिओ यास अ. उ. आ.

तुझा तक्ता शेजारणीला, बेनिग्नाला, वाचून दाखवला. ती म्हणाली की या रकान्यांत तुझं नाव घातलं तर किती गुण पडतील ते बघून सांग. असो. सोयरीक जमवताना करतात तशी मी पारख केली. एकेक जनावर आठ दिवस उसनं आणलं.

मेंढी आठही दिवस घराकडे पाठ करून उभी राहिली. असली माणसं आपल्या घराण्यात आधीच पुरेशी आहेत. शेळीने दारावरची गावसभेची नोटीस खाल्ली आणि वुल्फ्रानो तिला नियम समजावून सांगत असताना त्याची गवती टोपीही खाल्ली. त्यामुळे तिला गावात एवढा मान आला, की मालकाने परत नेली. हंस सगळ्यांना चावला, फक्त पाद्री नेमेसियोंना सोडून. त्यांच्या मागे मागे चर्चमध्ये गेला आणि पापाची कबुली देणाऱ्यांच्या रांगेत बसला. बेनिग्ना म्हणाली, बिचाऱ्याला पश्चात्ताप झालाय, आणि जवळ गेली, तर तिलाच चावला. डुक्कर मात्र इतकं समजूतदार होतं, की मी त्याला माझी सगळी दुखणी सांगितली. आठव्या दिवशी मालक त्याला पुतणीच्या लग्नाला घेऊन गेला. पाहुणा म्हणून नव्हे.

एकूण काय, एकही पसंत नाही. तू ये आणि निवड.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

ताई


मेक्सिको शहर
१५ नोव्हेंबर १९८४

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुला जनावर हवं आहे की जावई? चार पायांचं काहीही चालेल. चार पाय टेबलालाही असतात आणि आता मला तेही चालेल असं वाटू लागलं आहे. येणं जमणार नाही. टाकी अजून गळतेच आहे. कुरण गेलं तर पपा मला वरून बघत असतील एवढं लक्षात ठेव आणि कृपा करून एक गाढव घे.

रागातही तुझाच,

प्रोकोपिओ


सान बार्तोलो
२१ जानेवारी १९८५

चि. प्रोकोपिओ यास अ. उ. आ.

मी गाढव घेतलं नाही. १७ तारखेला सगळं गाव फुलं-फिती बांधलेली जनावरं घेऊन आशीर्वादासाठी चर्चसमोर उभं होतं. मी पालोमाचं दावं घेऊन रांगेत उभी राहिले. दाव्याच्या टोकाला काही नव्हतं. पाद्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी दाव्याच्या टोकाशी पवित्र पाणी शिंपडलं, गरीब दिसतंय म्हणाले आणि जनावराला आशीर्वाद दिल्याची चिठ्ठी लिहून दिली.

दुपारी पंच आले. वुल्फ्रानोने विचारलं, जनावर कुठाय? मी चिठ्ठी दाखवली. तो तरातरा पाद्रींकडे गेला. पाद्री म्हणाले, की दिलेला आशीर्वाद परत घेता येत नाही आणि देव रिकाम्या जागेला आशीर्वाद देत नाही, तेव्हा जनावर आहेच, पंचांनी नीट बघावं. वुल्फ्रानोच्या मुलीचं लग्न पाद्रीच लावणार आहेत, त्यामुळे त्याने मुकाट्याने वहीत लिहिलं: जनावर एक, ओझ्याचं, रंग अज्ञात.

दुसऱ्याच दिवशी बेनिग्ना भांडायला आली, की तुझं जनावर माझ्या घेवड्यात शिरलं. सात जणांनी पाहिलं म्हणे. मी माफी मागितली आणि कुंपण नीट केलं, दुसरं काय करणार!

पण आता खरी पंचाईत. वहीत नोंद झालेल्या ओझ्याच्या जनावराला गावकीचं काम लागतं. ३ मार्चच्या रविवारी शाळेच्या भिंतीसाठी नदीवरून दगडांच्या बारा खेपा. जनावर आलं नाही, तर कुरण गेलं. भाड्याचं चालत नाही.

आता एक कबूल करते. नोटिशीत अजून एक ओळ होती, ती मी तुला कळवली नाही. कुरणात जनावर हवं, किंवा मालकाने स्वतः येऊन गावकी करावी. शेळीने नेमकी तीच ओळ खाल्ली असं सांगणार होते, पण आता खोटं बोलायचा कंटाळा आला. प्रोकोपिओ, मला शेळी नको, मेंढी नको. पालोमा गेल्यापासून मी भिंतीकडे तोंड करून जेवते, कारण खिडकीतून बघायला काही नाही. तिथे मला तू उभा दिसायला हवा आहेस. एवढंच हवं होतं आणि एवढंच मागायची लाज वाटली.

रागावलास तरी चालेल, पण इथे येऊन रागव.

ताई


मेक्सिको शहर
२ फेब्रुवारी १९८५

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू खोटारडी आहेस आणि मी गाढव. दोघांपैकी दगड एकालाच वाहता येतात. २ मार्चला, शनिवारच्या बसने पोचतो. कनारीला इमेल्दा बघेल. दावं घालायचं तर घाल, फिती बांधू नकोस.

प्रोकोपिओ


सान बार्तोलो
१८ मार्च १९८५

चि. प्रोकोपिओ यास अ. उ. आ.

शुक्रवारी तुझी बस वळणाआड गेली आणि वुल्फ्रानो वही घेऊन दारात हजर. तुझ्या नऊ खेपा धरल्या. तू बसून राहिलास त्या तीन बँडवाल्यांनी वाहिल्या, त्याही कुरकुर न करता. कुरण वाचलं. पण वहीतली नोंद खोडता येत नाही, म्हणून त्याने तीच पुरी केली: जनावर एक, ओझ्याचं, रंग करडा, वय एकसष्ट, शहरात वाढलेलं, लाथ मारत नाही, कण्हतं फार.

आता नियम असा, की नोंदलेलं जनावर तीस दिवसांहून जास्त वेशीबाहेर राहिलं, तर कुरण पुन्हा गावाचं. १४ एप्रिलला तीस दिवस भरतात. या नियमावरून मी वुल्फ्रानोशी भांडले नाही. तो बिचारा विसरला होता, मीच त्याला आठवण करून दिली.

तू गेलास त्या संध्याकाळी सवयीने दोन ताटल्या मांडल्या. मग एक उचलून ठेवली. फार वाईट वाटलं रे.

वाट बघायला लावू नये.

ताई


मेक्सिको शहर
२९ मार्च १९८५

ती. वन्संना इमेल्दाचा सा. न. वि. वि.

तीस वर्षांत मी तुम्हाला लिहिलेलं हे पहिलंच पत्र. हे तुमची पत्रं मोठ्याने वाचतात, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे. परत आल्यापासून यांचं चित्त थाऱ्यावर नाही. गच्चीवर जाऊन टाकीकडे बघत बसतात. वन्सं, टाकी गळत नाही, कधीच गळत नव्हती. कनारी तर गेल्या ईस्टरलाच वारली. न येण्याला काहीतरी कारण हवं, म्हणून आम्ही दोघांनी तिला आजवर जिवंत ठेवलं.

मीच यांना अडवलं असं तुम्हाला वाटत आलं. तुम्ही दर पत्रात यांनाच बोलावलंत. मला कुणी ये म्हणालं नाही, म्हणून मीही हटून बसले. तुमचा हट्ट मोठा की माझा, ते समोरासमोर बसून ठरवू.

घर भाचीच्या हवाली केलं आहे. १२ एप्रिलला निघतो. आता परत फिरायचं नाही असं यांनी काल जेवताना सांगितलं आणि मग डोळे पुसले. तेव्हा डॉन वुल्फ्रानोंना विचारून ठेवा, एका कुरणात दोन नोंदी चालतात का. मादी, वय अठ्ठावन्न. ओझं वाहणार नाही, पण जेवायला समोर बसेल.

नकार कळवू नये, तो पोचेपर्यंत आम्ही निघालेले असू.

तुमची वहिनी,
इमेल्दा