भरतीची वेळ

अब्बा, मी तुमच्या त्या काळ्या खडकावर बसले आहे. किनाऱ्यावरचं खालाचं घर कधीच पडलं, खडक मात्र जागच्या जागी आहे.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत चाचा गावाकडे गेले ते परत आलेच नाहीत, आणि तुमचा हातमाग थांबला. रोज सकाळी तुम्ही मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचात. हिमरूची अर्धी शाल समोर ताणलेली, पण पायाखालच्या पावड्या हलायच्या नाहीत. जेवलात तर जेवलात. हकीमसाहेब म्हणाले, समुद्राची हवा द्या, म्हणून अम्मीनं आपल्याला इथं खालाकडे, तिच्या बहिणीकडे आणलं. आपण औरंगाबादची माणसं, समुद्र म्हणजे मोठा तलाव असेल असंच वाटलेलं. त्यामुळे तुम्ही ओहोटीला या खडकावर येऊन बसलात तेव्हा अम्मी खूशच झाली. खडक कोरडा होता की. गेलेलं पाणी परत येतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

टोपली घेऊन चाललेली एक कोळीण ओरडली, "अगो बाय, भरती लागली, त्यांना बोलव!" अम्मी धावते आहे, तिची ओढणी वाळूत पडली आहे. "उठो जी! पानी आ रा!" तुम्ही वळून बघता. ऐकलंय तुम्ही, मला दिसतंय. पाणी गुडघ्यांना लागतं, तरी तुम्ही बसूनच. अब्बा, मला तुमचा भयंकर राग आला. चाचांच्या मागं जायचं, तर मग आमचं काय?

मोठी लाट आली आणि तुमचे पाय हलले. आधी एक, मग दुसरा, मागावर हलायचे तसे. मग उठलात, कमरेइतक्या पाण्यातून चालत आलात आणि वाळूत धापा टाकत बसलात. "भोत जोर है इसमें," कितीतरी दिवसांनी बोललात, "उठाच दिया मेरेकू." आणि जेवायला मागितलंत. पुढे रोज तुम्ही पाण्यात पाय सोडून बसायचात, अम्मी तुमचा सदरा घट्ट धरून शेजारी. घरी आल्यावर ती शाल पुरी केलीत.

तुम्हाला स्वतःला उठायचं होतं का, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

यंदा तुमचा जावई गेला. मीही घरात तशीच बसून राहते, म्हणून मुलीनं इथं आणलंय. ती वाळूत उभी आहे, माझ्यावरची नजर काढत नाही. हे लिहितेय तो कागद पिशवीतच राहील. तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते: खडकावर येण्याआधी मी चहावाल्याला भरतीची वेळ विचारून घेतली, वेळेत उठायचं म्हणून.