ओढ्यावरचं जाळं

मामा, दुधाची किटली राखेनं घासून मी नुकतीच उपडी घातली होती. चुलीवर पाणी तापत होतं, म्हशीखालचं शेण अजून काढायचं होतं, आणि तुम्ही अंगणात पाय पसरून बसला होता. पायाच्या अंगठ्याला दोर अडकवलेला, हातात तुम्ही सुया म्हणायचात तो लाकडाचा टोकदार दाभण. दोराचे पदर उकलून ते दुसऱ्या दोराच्या पदरांत घालत होता. मला बघून म्हणालात, "पोरी, हात रिकामा हाय का?" मी म्हटलं, "न्हाई मामा, शेण काढायचंय." "शेण कुठं पळून जातंय व्हय? हितं बोट दाबून धर." मी बोट धरलं. गाठ न मारता दोन दोर जोडता येतात आणि तो जोड मूळ दोराइतकाच टिकतो, हे मला त्या सकाळी पहिल्यांदा कळलं. मी सून म्हणून या घरात येऊन एक वर्ष झालं होतं, आणि तुम्ही जहाज सोडून दोन.

आपल्या गावात घरटी एक माणूस फौजेत. पेन्शन घेऊन आलेले सुभेदार पारावर बसले की लोक लढाईच्या गोष्टी ऐकायला जमायचे. तुम्ही एकटेच खलाशी म्हणून गेलेले, तुमच्याकडे सांगायला लढाई नव्हती. तुमच्यासारखे आणखी दोघे होते. जहाजावर स्वयंपाक करणारे काका कोरेगावचे आणि इंजिनवाले काका रहिमतपूरचे. तुम्ही तिघांनी मुंबईच्या गोदीतून जुना दोर आणला, त्याचं जाळं विणलं आणि आपला ओढा कृष्णेला मिळतो त्याच्या अलीकडे, दोन्ही काठांना पहारी ठोकून ते आडवं टाकलं. वर तरंगायला तेलाचे बंद डबे बांधले. पाणी आणि मासे खालून जायचे, वर वाहत आलेला कचरा अडायचा. दर रविवारी तिघं गुडघाभर पाण्यात उतरून तो काढायचे. सुभेदार काठावरून ओरडायचे, "काय रं दर्यावर्दी, आज काय घावलं? देवमासा?" आणि तुम्ही हात वर करून म्हणायचात, "न्हाई सुभेदार, तुमच्या घरची चप्पल घावली. डावी हाय. उजवी उद्या टाका."

मी तुम्हाला विचारलं होतं, समुद्र इथून कुठच्या कुठं, मग या ओढ्याशी तुमचं काय. तुम्ही पेटीतला नकाशा काढून माझ्यासमोर चुलीपुढं पसरलात. चौथीनंतर माझी शाळा सुटलेली, नकाशा मी कधी हातात धरला नव्हता. आम्हाला वाटायचं समुद्र म्हणजे कोकणातला, घाट उतरला की आला. तुम्ही माझं बोट धरून कृष्णेवर ठेवलंत आणि सरकवत नेलंत. सांगली, मग कर्नाटक, मग तेलंगी मुलूख, आणि पार पलीकडच्या समुद्रात. "आपलं पाणी कोकणाकडं पाठ करून जातंय बघ," तुम्ही म्हणालात. "त्या दर्यात मी लय कचरा टाकलाय. पोतीच्या पोती, जहाजाच्या मागल्या अंगानं. साहेब म्हणायचा टाक, आमी टाकायचो. पुढं भिंतीला कागद लागला, प्लॅस्टिक टाकायचं न्हाई. तरी आमी टाकायचोच. त्यानं माझं पोट भरलं, पोराची शाळा झाली. आता जमंल तेवढं काढतो." तुम्ही हे रडत वगैरे सांगितलं नाही. भाकरी मोडता मोडता सांगितलंत. तो नकाशा नंतर तुम्ही मलाच देऊन टाकलात. त्यावरची गावांची नावं वाचता वाचता माझं वाचन पुन्हा सुरू झालं, आणि आज मी रहिमतपूरच्या वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं आणते.

रागावलात ते एकदाच. औषधाच्या रिकाम्या बाटल्या आणि फुटका डबा मी मागच्या दारानं ओढ्यात टाकला होता. सगळ्याच बायका टाकायच्या, मीही टाकला. रविवारी तुम्ही तो डबा स्वच्छ धुऊन आणलात आणि माझ्या चुलीजवळ ठेवलात. "हे तुझंच न्हवं?" एवढंच विचारलंत. त्यानंतर आठ दिवस तुम्ही मला दोर धरायला हाक मारली नाही. माझ्या बापानं मला झोडपलं होतं, त्याचं इतकं लागलं नव्हतं. नवव्या दिवशी मीच सुया घेऊन तुमच्यासमोर बसले.

तुम्ही गेलात त्याला बावीस वर्षं झाली. दोन्ही काका जाळं चालवत राहिले. चौदा वर्षं ते निभलं, कारण ते दोघे होते. मी भाकरी आणि कांदा घेऊन काठावर जायची, हात लागेल तिथं लावायची. मग आठ वर्षांपूर्वी तुमचा मुलगा गेला. पोटाचं दुखणं होतं. मिरजेला तीन आठवडे काढले आणि घरी आणल्यावर दोन दिवसांत संपलं. आता जे लिहायचं आहे ते याच्यापुढचं आहे.

तिसऱ्या दिवशी रक्षा सावडली आणि रिवाजाप्रमाणे भावकीनं त्यांचे कपडे, वाकळ, मिरजेहून आणलेली गादी, सगळं ओढ्यात सोडलं. गादी थोडी वाहत गेली आणि जाळ्याला जाऊन टेकली. तिथंच डुलत राहिली. काठावर सगळा गाव. कुणीतरी म्हणालं, मयताचं सामान अडकलं तर जीव अडकतो. भावकीतले धाकटे दीर विळा घेऊन पाण्यात उतरले, आणि जाळ्यापाशी उभे राहून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळ्यांच्या पुढं, पाण्यालगत होते. हळूच विचारलं, "वहिनी, तोडू?" बाकी कुणाला ते ऐकू गेलं नाही. मी म्हटलं, "तोडा."

मामा, ते जाळं तोडायची गरजच नव्हती. अलीकडच्या पहारीला तुमची जहाजावरची गाठ मारलेली असायची. पूर आला की मोकळं टोक एकदा ओढायचं, जाळं अख्खं सुटून एका काठाला लागायचं, आणि पाणी उतरलं की परत बांधायचं. ती गाठ मला येत होती. तुम्ही शिकवली होती. मी त्या पहारीपासून पाच पावलांवर उभी होते. एक झटका दिला असता तर गादी गेली असती आणि जाळं राहिलं असतं. पण ती गादी डोळ्यांपुढं तशी डुलत होती आणि मला ती नजरेआड व्हायला हवी होती. त्या क्षणी, लगेच. त्याच्यापुढं मला तुमचं काही आठवलं नाही. आठवलं, हेच खरं. आठवूनही बोलले नाही.

काकांनी नंतर जाळं परत बांधलं नाही. मला वाटलं, म्हातारे झाले, कंटाळले. पाच वर्षांपूर्वी स्वयंपाकवाले काका गेले. ओढ्याचं काय झालंय ते तुम्ही बघू नये. पिशव्या, थर्माकोल, लग्नातल्या पत्रावळ्या, सगळं नदीला लागतं, आणि नदी ते पुढं नेते. मी फडक्यानं तुमचा नकाशा पुसते तेव्हा कृष्णेवरून बोट पुढं जात नाही.

मागच्या महिन्यात इंजिनवाले काका नातवाच्या जीपमधून आले. ऐंशी ओलांडली, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. दोराची दोन पोती उतरवून घेतली आणि म्हणाले, "सूनबाई, मी आता पाच-सहा महिन्यांचा सोबती. जाळं घालायचं का न्हाई ते तू सांग."

"मी कशाला सांगू काका?"

"तुला इचारल्याबिगर भावकीनं ते तोडलं. तुझ्या दुःखात तुझ्याच सासऱ्याचं जाळं. तवा आमा दोघांचं ठरलं, तू सवताहून म्हंशील तवाच बांधायचं. आट वर्सं झाली. तू कायच म्हणाली न्हाईस."

आधी दोघे आणि मग एकटे काका, आठ वर्षं माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, आणि मी त्यांना म्हातारे म्हणत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा ठेवला. चहा झाल्यावर एवढंच म्हटलं, "घालू या काका." ते दीरांवर पुन्हा एकदा तोंडसुख घेऊन गेले, आणि मी तेही ऐकून घेतलं.

तेव्हापासून रोज सकाळी धार काढून झाली की अंगणात बसते. पायाला दोर, हातात तुमचा सुया. पहिले चार जोड सुटले, पाचवा धरला. परवा दीर आले. बघत उभे राहिले, मग म्हणाले, "वहिनी, या वयात काय चाललंय? गाव हसतंय."

"हसू दे की. सुभेदार हसायचेच."

"आनि उद्या पुन्हा कुनाची गादी अडकली म्हंजे?"

"अडकणारच. त्यालाच घातलंय. कुणाचं सामान सोडायचं असंल तर माझ्या बांधावर आणा. खड्डा काढून देते, वर आंब्याचं रोप लावा. माझ्या गादीचं बी तसंच करा, लिहून ठेवलंय."

"आनि लोकांनी तोडलं तर?"

"मी परत बांधीन."

त्यांनी खाली पडलेलं दोराचं टोक उचलून माझ्याकडे दिलं. जाता जाता म्हणाले, "आवं, काका मला अजून शिव्या घालत्यात. तुमी कवा तरी सांगा की त्यांना." मामा, त्यांनी आठ वर्षं माझं नाव कुणाला सांगितलं नव्हतं.

जाळं पुरं झालं आहे. उद्या रविवार. काका येणार आहेत, महिला मंडळातल्या चौघीजणी पाण्यात उतरायला तयार झाल्या आहेत, दीर पहारी ठोकून देणार आहेत. तुम्ही बोटीवरून पत्रं धाडायचात तेव्हा हे घर माझं नव्हतं आणि मला धड लिहिताही येत नव्हतं, म्हणून तुम्हाला माझं हे पहिलंच पत्र. ते कुठं पाठवायचं नाही, हे मला कळतं. पण हे तुम्हाला आधी सांगितल्याशिवाय मला काकांपुढं उभं राहता आलं नसतं.

रविवारी रात्री हा कागद पुन्हा उघडला, शेवटचं इतकंच लिहून बंद करते. आज सकाळी, जाळं पाण्यात सोडायच्या आधी, सगळ्यांसमोर मी काकांना सांगितलं की "तोडा" असं मीच म्हटलं होतं.