खडकाईचे रोट

३१ जुलै १९९४
आज मीनाच्या गच्चीवरच्या खोलीत खेळाऐवजी भांडणच. दिनेशच्या अमेरिकेतल्या आतेभावाने पाठवलेल्या खेळाच्या पुस्तकात (आमच्याकडे झेरॉक्स) पानंच्या पानं देव आहेत. कोणाच्या हातात वीज, कोणाला तीन डोकी. खेळात माझं पात्र पुजारीण. म्हणून विचारलं, पूजा कशी करायची? नैवेद्य काय? उपास कोणत्या दिवशी? दिनेश पानं उलटत बसला. काही नाही! नुसतं 'प्रार्थना केली' म्हणायचं आणि फासा टाकायचा. मी म्हटलं, ज्याला कोणी साधं गूळखोबरं दाखवत नाही तो देव संकटात धावेल कशाला? तर म्हणाला, "मग तू लिही, नंदा. तू लिहिशील तो नियम. मीसुद्धा मोडणार नाही."
गोष्ट तो सांगतो, आम्ही एकेक पात्र होऊन फासे टाकत ती खेळतो, म्हणजे जग त्याचं. त्यातले देव आता माझे! हात शिवशिवतायत.

२ ऑगस्ट
लोहारदेव तयार. मीनाचं पात्र बुटका लोहार, तो याचा भक्त. वर्षातून एक दिवस भाता बंद. हातोड्याला तेल-हळद लावून निजवायचं, गोडाचं दाखवायचं, पोळ्याला बैलांचं करतो तसंच. त्या दिवशी जो हत्यार उचलेल त्याचं हत्यार पुढच्या लढाईत मोडणार.
मीना म्हणे, "आणि नेमका त्याच दिवशी राक्षस आला तर?"
अगं, तीच तर गंमत! बी.एस्सी.ला एवढी घोकंपट्टी केली, पण डोकं असं कधी चाललं नव्हतं.

७ ऑगस्ट
राक्षस आलाच. दिनेश (यापुढे नुसता दि.) महाआगाऊ, मुद्दाम त्याच दिवशी धाडला. पण मीनाने हातोड्याला हात लावला नाही. लाटणं घेऊन लढली आणि जिंकली! आम्ही एवढे ओरडलो की खालून तिचे नाना, "वर काय चालू शे रे? घर पाडतस का?"
निघताना दि. जिन्यात थांबला. म्हणाला, "तुझ्या देवांमुळे माझं जग खरं वाटायला लागलंय." या बोलण्यात त्याची भुसावळची पॅसेंजर चुकली, पुढच्या गाडीने गेला.
मला दि. आवडतो. लिहून टाकलं. बरं वाटलं.
श्यामचा मात्र बंदोबस्त करायला हवा. त्याचं पात्र चोर, ठीक. पण राक्षसाचा खजिना सोडून आमच्याच झोळ्या साफ करतो. वर दात काढतो.

१४ ऑगस्ट
घरी कानबाई बसली, आमची श्रावणातली खानदेशी देवी. काका, चुलतभाऊ, सगळी भाऊबंदकी गोळा. नारळाची देवी, नथ, हिरवं लुगडं, काय दिसते! गव्हाचे जाड रोट झाले, गिलक्याची भाजी, खीर. मी आईला सहज म्हटलं, मीनासाठी एक रोट नेऊ? आई केवढ्याने, "नही व माय! रोट आपला कुळनाच लोके खातस. परकासले देतस नही."
आणि तिथेच, हातात खिरीची वाटी, डोक्यात लख्ख. कुळातलेच रोट खातात. हेच उलटं केलं तर? जो रोट खाईल तो कुळातला!
देवीचं नाव खडकाई. नदीतल्या खडकावर बसते, वाटसरूंची देवी. एका रोटातून जे खातील ते एका रक्ताचे. बुटका असो, चेटक्या असो. कुळातल्याची चोरी केली की हात लुळा. श्याम, भर आता.
जेवणं सोडून लिहीत बसले म्हणून बोलणी खाल्ली. खाऊ देत.

१५ ऑगस्ट
सकाळी कानबाईला तळ्यावर निरोप. फुगड्या घालून घालून पाय गेले. तरी दुपारी मीनाकडे हजर. घरच्या रोटांना बोट लावलं नाही, वेगळी कणीक, गूळ घालून स्वतः केले. गच्चीवर एक दगड धुऊन मांडला, आंब्याची डहाळी, दिवा. श्यामने पहिला घास घेतला आणि मुकाट्याने सगळ्यांचा माल परत केला (खेळातला. आणि माझं पेनही). विजय!!
दि. खेळाडू नाही, तो गोष्ट सांगणारा. पण त्याने हात पुढे केला, "मलाही दे की." मी दिला. वर तूप घालून दिला. आज मी हवेत आहे.

१६ ऑगस्ट
मीना सकाळीच आली. दारातूनच हसत.
"दिनेशने रोट खाल्ला ना?"
"हो."
"म्हणजे कुळातला. म्हणजे तुझा भाऊ. नंदे, रविवारी राखी पौर्णिमा आहे."
धप्पकन खाली बसले. आपल्याच हाताने पायावर धोंडा. आणि वर तूप!

१८ ऑगस्ट
मीनाने राख्या आणल्या. एक स्पंजाची मोठ्ठी, दि.साठी. तिला चेष्टा, माझा जीव जातोय. खेळ आहे म्हणून सोडून देता येईल, पण दि. सोडणार नाही. 'मी मोडणार नाही' म्हणालाय. आणि एकदा मनगटावर बांधली की बांधली, ती काही खेळातली नसते.
संध्याकाळी तो कॉम्प्युटर क्लास सुटल्यावर भेटला. इकडचं तिकडचं बोलला. मग एकदम,
"कुळातून बाहेर पडायचा विधी नाहीये का गं?"
"कोणाला पडायचंय?"
"असंच. नियम पूर्ण असावेत."
असंच! कान लाल झाले होते त्याचे. मी म्हटलं, देवीला विचारावं लागेल. म्हणे, "मग विचार ना. रविवारच्या आत."

२० ऑगस्ट
लिहिला. खोडला. परत लिहिला. मीनाला तेवढा वाचून दाखवला. ज्याला कुळ सोडायचंय त्याने अनवाणी यावं. खडकाईला पाणी घालावं. मग सगळ्या कुळासमोर, मोठ्याने, सोडायचं कारण सांगावं. कारण खोटं असेल तर देवी सोडत नाही, जन्मभराचं नातं.
पण कारण वेगळंच असलं तर? जग चालवणाऱ्याने कोणाच्याच कुळात असू नये, एवढंच असेल त्याच्या मनात. नियमांचा किडाच तो. मग त्याला माझ्यापासून सोडवून दिल्याचं पुण्य मलाच. मनगट मोकळं, आणि मीही मोकळीच. तरी लिहिलंय. सोपा विधी लिहिला असता तर कधीच कळलं नसतं.

२१ ऑगस्ट
मीनाच्या गच्चीवरूनच लिहितेय. ओवाळणीचं ताट तयार. श्यामला बांधून झाली, त्याने ओवाळणी म्हणून चॉकलेट दिलं, चक्क विकत घेतलेलं. दि. आला. चप्पल जिन्यातच काढून आला. मी काहीच सांगितलं नव्हतं, मीनाने फितुरी केली असणार. कागद त्याच्या हातात दिला. पाणी घातलं त्याने. पुढची ओळ वाचली.
"सगळ्यांसमोर?"
"हो."
"मोठ्याने?"
"नियम आहे."
मीनाने राखी हातात धरून ठेवलीय. श्याम चॉकलेट चघळायचा थांबलाय. दि.ने चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. आता माझ्याकडे बघून तोंड उघडतोय. पेन ठेवते.