खाट अकरा, कनेक्शन चालू

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आले एकदाची परळला! इचलकरंजीच्या स्टँडवर बाबांनी शेवटपर्यंत तोंड पाडून ठेवलं होतं. मुलगी मुंबईत एकटी, त्यात धर्मशाळेत राहणार, हे कसलं काम म्हणे. मी सांगितलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, खोली मिळतेय, आणि मला कोणी खाणार नाही. खाल्लंच तर त्यालाच बाधेल.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, छोटी पण हवेशीर. खिडकीतून मूर्तींच्या कारखान्याचा निळा पत्रा दिसतो. हंगाम संपल्यामुळे आता तिथे दोन मांजरं सोडून कोणी नाही. खाली हॉलमध्ये चाळीस लोखंडी खाटा आहेत. गावाकडून मोठ्या हॉस्पिटलात उपचाराला आलेला पेशंट खाटेवर आणि त्याच्या सोबतचं माणूस खाली चटईवर, अशी पद्धत. सव्वीस वर्षं हे सगळं हेमचंद्रकाका बघतात. सत्तरीचे आहेत, पांढरा हाफशर्ट, खिशाला दोन पेनं, बोलणं अगदी मोजकं. स्वयंपाकाला मालनमावशी. लालबागला जन्म, लालबागलाच लग्न, आवाज तीन मजले ऐकू येतो. पेशंटांसाठी मऊ भात आणि वरण करतात, मला मात्र स्वतःच्या डब्यातला बांगडा वाढला.

काम सोपं आहे. खाटेची चिठ्ठी आता प्रोग्रॅममधूनच छापायची, असा ट्रस्टचा नियम आहे, आणि हॉस्पिटल तीच चिठ्ठी मानतं. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर दसऱ्याला जळला. माझ्या आधीच्या मयूरने सगळी नावं क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये चढवली आणि काम अर्धवट टाकून गेला. मला नवा प्रोग्रॅम नव्या सर्व्हरवर चढवून त्या डेटाबेसला जोडायचा आहे. तीन दिवसांत उडवते.

४ नोव्हेंबर, मंगळवार

लॅपटॉपवर चकाचक चालतं, सर्व्हरवर चढवलं की मरतं. सगळ्यांचं असंच होतं, म्हणून मी चिडले नाही. प्रोग्रॅम एका सर्व्हरवर, नावं दुसऱ्यावर, आणि दोघांत लाइन लागली पाहिजे. आधी लाइन अर्धा मिनिट लटकून तुटत होती. डेटाबेसच्या दारावरच्या यादीत नव्या सर्व्हरचा पत्ताच नव्हता, तो घातला. मग प्रोग्रॅम बाईसाहेब डेटाबेस स्वतःच्याच घरात शोधत होत्या, कारण सेटिंगमध्ये माझ्या लॅपटॉपचा पत्ता तसाच राहिला होता. तोही बदलला. मग पासवर्ड चुकला. चहा प्यायला खाली गेले.

गेटबाहेर फुटपाथवर एक नवराबायको बसली आहेत. शेवंती आणि धोंडू, कुडाळकडचे. धोंडूला घशाचा कॅन्सर आहे, आवाज गेला आहे. येत्या मंगळवारी, अकरा तारखेला, त्याचे उपचार सुरू व्हायचे आहेत, पण राहण्याची स्वच्छ जागा असेल तरच. सोमवारी चिठ्ठी दाखवली नाही तर नंबर दीड महिन्यांनी. दीड महिना धोंडूकडे नाही, हे शेवंतीने मला सरळ सांगितलं आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

मी हॉलमध्ये जाऊन खाटा मोजल्या. नऊ रिकाम्या आहेत. काकांना विचारलं तर म्हणाले, सगळ्या भरलेल्या आहेत. मी परत मोजल्या.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पासवर्ड सुटला. आता डेटाबेस म्हणतो, जागा शिल्लक नाही. चाळीस लाइनींची मर्यादा आहे आणि चाळीसही चालू आहेत. ही मर्यादा कुठून आली म्हणून खोदलं. काकांनी मयूरला बजावलं होतं की आत एक्केचाळिसावा येता कामा नये, आणि त्या शहाण्याने खाटा चाळीस म्हणून लाइनीही चाळीस ठेवल्या. शिवाय पेशंट आला की लाइन उघडायची आणि गेल्याची नोंद झाली की बंद करायची, असली अडाणी रचना. मी एकटीच मोठ्याने हसले.

मग यादी काढली. प्रत्येक लाइनीला नाव आहे. एकतीस नावं हॉलमधल्या पेशंटांची, ती मी ओळखते. उरलेली नऊ कोणाची? खाट अकरा, धाकू साटम, जोडणी चौदा महिन्यांपासून. पण हा सर्व्हरच सुरू होऊन महिना झालाय! 'कुठून जोडले' हा रकाना नऊच्या नऊ नावांपुढे कोरा. कोरा म्हणजे बाहेरून कोणी आलेलं नाही, आतच आहे. अवस्था सगळ्यांची एकच: काम काही नाही, वाट पाहत आहे.

काकांना विचारलं, धाकू साटम कोण. म्हणाले, गावी गेले. बाकीचे आठ? तेही गावी गेले. एवढं बोलून चष्मा पुसत बसले.

अकरा नंबरच्या खाटेवर बसायला गेले तर मालनमावशीने दंडाला धरून ओढलं. "गो बाय, ती खाट मोकळी नाय." माझा हात गादीला लागला होता. गादी ऊबदार होती, कोणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

अशाने माझ्या डोक्यात तिडीक जाते. कोण कुठला धाकू साटम? नऊच्या नऊ लाइनी तोडल्या. मिनिटभरात परत आल्या. पुन्हा तोडल्या, पुन्हा आल्या, त्याच क्रमाने.

मयूरच्या जुन्या प्रोग्रॅमची एक प्रत क्लाउडवर चालूच होती, ती बंद केली. एकतीस लाइनी धडाधड पडल्या. म्हटलं, जिंकले! आता कुठलाच प्रोग्रॅम चालू नव्हता. नऊ तशाच राहिल्या. आणि मी माझा प्रोग्रॅम चढवेपर्यंत बाकीच्या एकतीस जागाही भरल्या. नवी नावं. यातलं कोणीही हॉलमध्ये नाही.

सातव्या खेपेला मयूरने फोन उचलला. म्हणाला, अगं ते जुने लोक आहेत, त्यांना हात लावू नको, सोड ना यार, आणि ठेवला. मी का सोडू? शेवंती अजून फुटपाथवर आहे. आज तिने खिडकीतून आत बघून विचारलं, "ताई, मोकळी खाट दिसता, ती आमका कित्याक नाय?" मला लाज वाटली.

८ नोव्हेंबर, शनिवार

मर्यादा चाळीसची शंभर केली. साठ जागा मोकळ्या, घ्या.

एका तासात शंभर भरल्या. ही नावं कॉम्प्युटरमध्ये कधी घातलेलीच नव्हती. काकांच्या जुन्या वह्यांत शोधली, सापडली. २००३. २००८. एक तर ९९ सालची.

दुपारचे तीन, लख्ख ऊन, आणि हॉलमधले सगळे पेशंट भिंतीला सरकून बसलेले. पाय आखडून घेतलेत, मधल्या वाटेत पाय कोणी टाकत नाही. मावशींनी बासष्ट माणसांचा भात टाकला होता, पंचवीस पानांतच पातेलं रिकामं झालं. मावशी पातेल्यात बघत उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज आज एक मजलाही चढला नाही.

मी घाबरले आहे. लिहून ठेवते, म्हणजे खोटं बोलायला नको. घाबरले आहे आणि जाणार नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

अकरा नंबरवर जाऊन बसलेच. मावशी ओरडल्या, तरी बसले. शेजारी गादी दबली. मी मोठ्याने म्हटलं, साटमकाका, तुमचं दुखणं संपलं, बाहेर एकाचं चालू आहे, उठा. कोणी उठलं नाही. कोणीतरी उसासा टाकला. तो उसासा चिडलेल्या माणसाचा नव्हता, थकलेल्या माणसाचा होता.

काकांना ऑफिसात गाठलं आणि दार लावून घेतलं. शेवटी बोलले. धर्मशाळेचा पहिल्यापासूनचा नियम, पेशंटला एकटं सोडायचं नाही. गावी जाताना सोबत नेणाऱ्याने वहीत सही करायची, तेव्हाच तो गेला. पण जे हॉस्पिटलात वारले, त्यांची माणसं तिथूनच त्यांना घेऊन गेली. सही करायला परत कोण येणार? काका समासात पेन्सिलीने 'गावी गेले' लिहीत राहिले. सव्वीस वर्षं. तसे एकशे बारा.

म्हणजे डेटाबेस बिघडलेलाच नाही. त्यांना कोणी जा म्हटलंच नाही, म्हणून ते—

तुम्हीच सही का नाही केलीत, असं विचारलं. म्हणाले, जो सही करतो त्याला सोबत जावं लागतं. आणि रडायला लागले. मग म्हणाले, सहीच्या जागी त्या बाहेरच्या बाईचं नाव घालू या, तिला कुठे काय कळणार आहे. मी त्यांच्या वयाचा मान ठेवला नाही. जे बोलायचं ते बोलले.

१० नोव्हेंबर, सोमवार, सकाळी नऊ

नोंदी सरळ डेटाबेसमध्येच करते आहे, व्यवस्थापकाची एक लाइन राखीव असते, त्यातून. नाव, गाव, गेल्याची तारीख. 'सोबत नेणारे' हा रकाना कोरा ठेवून पाहिला. घेत नाही. काकांचं नाव घालून पाहिलं. ते दारात उभे होते, मान हलवून नको म्हणाले. पुसलं.

माझं घातलं. मेघना. घेतलं.

धाकू साटम, लाइन बंद. परत आली नाही.

साडेअकरा

सत्तर झाले. हॉलमध्ये लोक पाय पसरायला लागलेत. खोलीत मात्र गर्दी— खुर्चीमागे. मानेवर श्वास. टाइप करत राहिले. ढकलू नका, म्हटलं. ढकलणं थांबलं.

एक वाजता

एकशे बारा. लाइनी शून्य. माझा प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात जोडला गेला. चिठ्ठी छापली. खाट अकरा, धोंडू, सोबत शेवंती. ती चिठ्ठी दोन्ही हातांत धरून शेवंती हॉस्पिटलात धावत गेली, धावत आली. डॉक्टर उद्या सुरू करणार. धोंडू झोपलाय. मी खाली जाऊन पाहिलं, खरंच झोपलाय, तोंड उघडं टाकून. गादी आता त्याच्याच अंगाने गरम होईल.

जिन्यात कोणी सरकत नव्हतं. वाट काढत वर आले.

तीन

दारापासून खालपर्यंत उभे आहेत. दिसत नाहीत. पायऱ्या वाजतात. कोणी ठोठावत नाही, बिचारे. वाट पाहायची सवय—

गावांची यादी छापली. चिपळूण, वाशीम, देवगड, बीदर, पुन्हा चिपळूण. एकशे बारा घरं. बाबांना फोन केला, लागला नाही. मावशी सांगतील त्यांना. मला कोणी नेलं नाही, मी नेते आहे, हे नीट सांगा, मावशी.

सही मी केली, शुद्धीवर केली, आणि पुन्हा करेन. खाट अकरा धोंडूची आहे. कोणी परत फिरून तिच्याकडे बघितलं तर माझ्याशी गाठ—

उघडते दार. एकेक करून या. साटमकाका, तुम्ही पुढे. हात द्या, जिना उंच आहे, आणि मला सांगा, तुमच्या घरी मी कोण म्हणून—